‘अकॉर्डियनवादक’ कोळशाने वाचताना : एका घनवादी चित्राच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५ : आखणी

पाब्लो पिकासोने १९११ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेरे या गावी ‘अकॉर्डियनवादक’ हे घनवादी (क्यूबिस्ट) तैलचित्र रंगवले; या शैलीत वस्तू लहान, कोनदार पृष्ठभागांत, म्हणजे पैलूंत, फोडून मांडलेली असते. आज ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. त्याची उंची १३०.२ सेंटिमीटर आणि रुंदी ८९.५ सेंटिमीटर आहे. आमच्या चित्रवाचन गटात या चित्राची प्रतिकृती भिंतीवर लावली की बहुतेक जण आधी नाक शोधतात, मग बोटे शोधतात, आणि ती सापडली नाहीत की ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून पुढच्या चित्राकडे वळतात. मला हे फार खटकते, कारण हे चित्र वाचता येते, मात्र वाचायला वेळ आणि हात दोन्ही लागतात.

म्हणून असे ठरवले आहे की या चित्रावर नुसते बोलण्याऐवजी ते कोळशाने कागदावर पुन्हा उतरवायचे आणि प्रत्येक भाग उतरवताना तो कशाचा आहे, असे का वाटते, हे शेजारच्या वहीत लिहायचे. शेवटी एक असे रेखाटन तयार व्हावे की त्यात कोणता भाग निश्चित ओळखला, कोणता संभाव्य आहे आणि कोणता अनिर्णीत राहिला, हे पाहणाऱ्याला कळेल. इतर कोणाला हे काम करायचे असल्यास आमचा वाया गेलेला वेळ आणि पैसा त्यांचा वाचावा, एवढ्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

हेच चित्र निवडण्याचे कारणही नोंदवतो. पिकासोच्या ‘मा जोली’ या १९११-१२ च्या हिवाळ्यातील चित्रात खालच्या कडेला ठळक अक्षरे आणि स्वरलिपीतील चिन्ह आहे, तर त्याचा घनवादी सहकारी जॉर्ज ब्राक याच्या ‘पोर्तुगीज’ या चित्रात स्टेन्सिलने उठवलेली अक्षरे आणि आकडे आहेत. ही अक्षरे पाहणाऱ्याला लगेच आधार देतात आणि मग नजर अक्षरांवरच थांबते. ‘अकॉर्डियनवादक’मध्ये तो आधार नाही. जे काही कळेल ते आकारातून आणि छटेतूनच कळेल.

७ जानेवारी : प्रिंट

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील चित्रावरून ए-१ आकाराचा रंगीत प्रिंट काढून घेतला. त्याला २४० रुपये पडले आणि ते वाया गेले. दुकानात यंत्रावर ‘कागदभर बसवा’ असा पर्याय निवडला गेला होता. ए-१ कागदाच्या उंची-रुंदीचे गुणोत्तर १.४१ असते आणि या चित्राचे १.४५ आहे. त्यामुळे रुंदी पूर्ण बसवताना वरचा आणि खालचा मिळून सव्वादोन सेंटिमीटरांचा भाग कापला गेला. फरक वरवर किरकोळ वाटतो, परंतु या चित्रात खालच्या भागातच खुर्चीच्या खुणा आहेत आणि चित्राच्या चौकटीशी त्यांचे अंतर किती आहे यावरून बैठकीची उंची ठरते. कापलेल्या प्रिंटवर काम केले असते, तर पुढची सगळी मापे चुकली असती.

दुसरा प्रिंट काढताना चित्राचे माप ८२ × ५६.४ सेंटिमीटर असे लिहूनच दिले आणि चारही बाजूंना पांढरी कड सोडायला सांगितली. कागद मॅट घेतला, कारण चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की गडद तपकिरी भागांतले बारीक फरक दिसेनासे होतात. याच मापाचा एक करड्या छटांचा प्रिंटही घेतला, तो १२० रुपयांना पडला. रंगीत प्रिंटपेक्षा याचाच उपयोग अधिक होणार असे आत्ताच वाटते आहे. मुळात हे चित्र गेरू, तपकिरी आणि करड्या रंगांच्या मर्यादित पट्ट्यातलेच आहे. त्यात सांगायचे ते बहुतेक उजेड-अंधारानेच सांगितलेले आहे.

११ जानेवारी : बाह्यरेषा उतरवण्याचा मार्ग बंद

प्रिंटवर ट्रेसिंग कागद ठेवून दिसतील त्या सर्व रेषा पेन्सिलीने उतरवल्या. यात पूर्ण दुपार गेली. कागद उचलून पाहिला तेव्हा हाती आलेल्या जाळ्यातून काहीच बोध होत नव्हता. त्यात ना माणूस होता, ना वाद्य, ना मूळ चित्राची खोली. तडा गेलेल्या काचेसारखे ते दिसत होते.

कारण शोधायला दुसरा दिवस लागला. मूळ चित्रात बंद आकार जवळपास नाहीत. एखादा त्रिकोणी पैलू एका कडेला गडद, धारदार रेषेने सुरू होतो, दुसऱ्या कडेकडे जाताना उजळत जातो आणि तिथे शेजारच्या पैलूत विरून जातो. त्या दुसऱ्या कडेला रेषच नसते. ट्रेसिंग करताना मात्र हात सवयीने तिथेही रेष ओढून आकार बंद करतो. आकार बंद झाला की तो शेजारच्या भागापासून तुटतो, आणि तो तुटला की ‘हा खांद्याचाही भाग आहे आणि मागच्या पोकळीचाही’ हे जे चित्रकाराने मुद्दाम साधले आहे, ते नाहीसे होते. घनवादी चित्रकारांनी ही युक्ती त्यांच्या आधीच्या पिढीतील फ्रेंच चित्रकार पॉल सेझानच्या उत्तरकालीन चित्रांतून उचलली. आम्ही कामापुरते तिला ‘उघडी कड’ म्हणू लागलो आहोत.

काम सोपे व्हावे म्हणून प्रिंटची छायाप्रत काढण्याचा सल्ला गटातील एकाने दिला होता, तोही उपयोगी पडला नाही. साध्या छायाप्रतीचे यंत्र मधल्या छटा गिळून टाकते आणि फक्त काळे-पांढरे शिल्लक ठेवते. म्हणजे उघड्या कडांवरही ते खोट्या रेषा तयार करते. ६० रुपये गेले. छायाप्रत टाळावी आणि करड्या छटांचा चांगला प्रिंटच वापरावा.

१५ जानेवारी : आधी सोपे चित्र

थेट ‘अकॉर्डियनवादक’ला भिडण्याआधी पिकासोचेच १९१० चे ‘मुलगी आणि मँडोलिन’ हे चित्र छोट्या आकारात उतरवले. ते न्यूयॉर्कच्याच आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि त्यासाठी फॅनी तेलिए नावाची मॉडेल बसत होती. या चित्रात मँडोलिनचा गोल पोट असलेला आकार, कोपर आणि स्तन सहज ओळखू येतात, तरीही चेहऱ्याचा आणि पार्श्वभूमीचा बराच भाग एकमेकांत मिसळलेला आहे. ओळखीच्या शरीरावर उघडी कड कशी चालते हे इथे हाताला कळले. ज्यांना हा प्रकल्प करायचा आहे त्यांनी ही पायरी गाळू नये, कारण शरीर डोळ्यांसमोर असताना विरणारी कड समजून घेणे आणि शरीर दिसत नसताना ती समजून घेणे या कामांच्या कठीणपणात फार अंतर आहे.

१९ जानेवारी : रेषेऐवजी छटा

आजपासून खरे काम सुरू झाले. कागद इंपीरियल आकाराचा (सुमारे ७६ × ५६ सेंटिमीटर), ३०० ग्रॅमचा, किंचित खरखरीत पोताचा घेतला. त्यावर चित्राची चौकट ७२ × ४९.५ सेंटिमीटर अशी आखली, म्हणजे मूळ चित्राचे प्रमाण कायम राहते.

प्रमाण मोजण्यासाठी नेहमीप्रमाणे प्रिंटवर चौकोनांची जाळी आखली, तेव्हा एक अडचण आली, ती मुद्दाम लिहितो. या चित्राचा सांगाडाच उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषांचा आहे. त्यावर आपली जाळी आखली की थोड्या वेळाने आपली रेष कोणती आणि पिकासोची कोणती हे नजरेला ओळखता येत नाही. शेवटी जाळी पुसून फक्त चौकटीबाहेरच्या पांढऱ्या कडेवर खुणा केल्या आणि जेव्हा मोजायचे असेल तेव्हा त्या खुणांवर लाल दोरा ताणून चिकटपट्टीने पक्का केला. दोरा काढला की चित्र स्वच्छ राहते. रेखाटनाच्या कागदावरही तसेच केले.

छटा उतरवण्याचा क्रम बराच उलटसुलट करून पाहिल्यावर असा ठरला. प्रथम पूर्ण चौकटीवर कोळशाची पूड कापडाने पसरवून मध्यम करडा थर द्यायचा. त्यावर मळता येणाऱ्या खोडरबराने सर्वांत उजळ भाग उचलायचे. नंतर प्रत्येक पैलूची फक्त गडद कड कोळशाच्या कांडीने द्यायची आणि ती बोटाने एकाच दिशेला ओढून विरवायची. गडद कड देण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : ही छटा कोणत्या बाजूला विरते? त्याचे उत्तर वहीत बाणाने दाखवायचे. कड कशाची आहे, खांद्याची की खुर्चीची, हा प्रश्न या टप्प्यावर विचारायचा नाही. तो विचारला की हात आपल्याला जे हवे ते काढू लागतो.

या पद्धतीने वरून खाली येताना पहिल्यांदाच चित्राची एकंदर बांधणी स्पष्ट झाली. डावी-उजवीकडच्या तिरप्या रेषा वर जाताना एकत्र येतात आणि एक उंच पिरॅमिड उभा राहतो. त्याच्या मधल्या भागात पैलू लहान, दाट आणि उजळ-गडद फरकाचे आहेत, तर चौकटीच्या कडांकडे ते मोठे, विरळ आणि सौम्य होत जातात. मधला दाटपणा म्हणजे जिथे काहीतरी घडते आहे ती जागा. वाद्य शोधायचे असेल तर तिथे शोधले पाहिजे, हे अजून एकही वस्तू न ओळखताच कळले होते.

एक उपकरण फार कामाला आले. काळ्या कार्डाला तळहाताएवढी खिडकी कापली आणि ती प्रिंटवर सरकवत गेलो. पूर्ण चित्र समोर असले की डोळा वारंवार चेहऱ्याच्या अपेक्षित जागी धावतो, पण खिडकीतून एवढाच तुकडा दिसत असल्याने छटेकडे नीट लक्ष राहते.

२५ जानेवारी : प्रत्यक्ष वादक

गटातील एका सदस्याचे काका पूर्वी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवत. प्रसिद्ध अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यामुळे पुण्यातील रसिकांना हे वाद्य परके नाही, तरी ते हातात घेऊन पाहिलेले आमच्यापैकी जवळपास कोणीच नव्हते. काकांनी आपले वाद्य घेऊन आमच्यासमोर बसण्याचे मान्य केले. रिक्षाचे १८० रुपये सोडले तर या दिवसाला खर्च आला नाही, आणि संपूर्ण प्रकल्पात सर्वाधिक कळले ते याच दिवशी.

आमच्याकडच्या पेटीला भाता मागे असतो आणि वादकाचा एक हात तो एकाच जागी हलवतो. अकॉर्डियनचा भाता दोन हातांच्या मधोमध, छातीसमोर असतो आणि तो उघडला की वादकाचे स्वतःचे शरीरच रुंद होते. काकांचे वाद्य दहा किलोच्या आसपास वजनाचे आहे. ते पट्ट्यांनी खांद्यांवर तोललेले असल्याने वादक किंचित पुढे झुकतो, मान खाली येते, भाता उघडताना कोपरे बाहेर जातात आणि डोक्यापासून कोपरांपर्यंत आणि तिथून गुडघ्यांपर्यंत रुंद होत जाणारा त्रिकोण तयार होतो. चित्रातला पिरॅमिड ही केवळ रचनेची हौस असावी असे मला तोपर्यंत वाटत होते. ती या वाद्याच्या वादनाची खरी बैठक आहे, हे समोर पाहिल्यावर पटले.

दुसरी गोष्ट खुर्चीची. चित्राच्या खालच्या भागात गुंडाळीसारखे वळसे आहेत आणि संग्रहालयाच्या वर्णनात ते आरामखुर्चीच्या हातांचे वळसे असल्याचे म्हटले आहे. हात असलेल्या खुर्चीत बसून अकॉर्डियन कशी वाजवणार, अशी शंका गटात निघाली होती, म्हणून काकांना आधी स्टुलावर आणि नंतर जुन्या लाकडी आरामखुर्चीत बसवले. खुर्चीत बसल्यावर मांडीवर टेकलेले वाद्य खुर्चीच्या हातांपेक्षा वर राहिले, त्यामुळे भाता त्यांच्यावरून मोकळा उघडला आणि खुर्चीच्या हातांची टोके भात्याच्या खाली, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना दिसू लागली. वळशांची जागा चित्रात तशीच आहे. शंका मिटली आणि वहीत ‘वळसे : खुर्चीचे हात’ या नोंदीपुढे ‘निश्चित’ असे लिहिले.

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. काकांच्या वाद्याला उजवीकडे पियानोसारख्या पट्ट्या आहेत. त्या काळातल्या फ्रान्समध्ये गोल बटनांची वाद्येही सर्रास वाजवली जात. त्यामुळे चित्रात पियानोच्या पट्ट्यांची रांग शोधत बसणे योग्य नाही. मधल्या दाट भागात भात्याच्या घड्या आणि त्यांच्यालगत बोटांखालच्या कळा, एवढेच आपण खात्रीने म्हणू शकतो.

ब्राक स्वतः अकॉर्डियन वाजवत असे आणि त्या काळातले त्याचे वाद्यासह छायाचित्रही प्रसिद्ध आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये तोही सेरेला येऊन पिकासोसोबत काम करत होता. वाद्य स्पर्शाने जिवंत होते म्हणून ते चित्रविषय म्हणून जवळचे वाटते, असे ब्राकचे म्हणणे होते. आज काकांच्या बोटांकडे पाहताना हे विधान नेमके समजले : त्यांची बोटे कळांवर ठरत नव्हती, पण घड्यांची लय मात्र सतत डोळ्यांत राहत होती. चित्रातही घड्या ओळखू येतात आणि बोटे हातून निसटतात.

२९ जानेवारी : ‘अनेक बाजू एकाच वेळी’ हे स्पष्टीकरण तपासले

शाळेच्या पुस्तकांपासून सर्वत्र सांगितले जाते की घनवादी चित्रकार वस्तू अनेक बाजूंनी पाहून ती सारी दृश्ये एकत्र मांडतो. काका बसले होते तेव्हा त्यांची समोरून, बाजूने आणि किंचित वरून अशी रेखाटने केली होती. ती ट्रेसिंग कागदावर घेऊन एकावर एक ठेवली. जे दिसले ते तीन माणसांच्या गर्दीसारखे होते, ‘अकॉर्डियनवादक’शी त्याचे काहीही साम्य नव्हते. रेखाटने अर्धवट पुसून, सरकवून, तिरपी करूनही पाहिली.

माझे मत असे झाले आहे की हे स्पष्टीकरण पूर्णपणे खोटे नसले तरी १९११ च्या सेरेतील चित्रांसमोर फारसे कामाचे नाही. इथे दृश्यांची बेरीज केलेली नाही. आधी एक सांगाडा उभा केला आहे, त्यावर उघड्या कडांचे पैलू चढवले आहेत, आणि त्यांत घडी, वळसा, कळ अशी मोजकी चिन्हे पेरली आहेत, जेणेकरून पाहणारा माणसापर्यंत पोहोचेल. उजेडाचेही तसेच. काकांवर एका बाजूने दिवा सोडून सावल्या जुळवण्याचा प्रयत्न केला होता. चित्रात उजेडाचा एक उगम नाही, प्रत्येक पैलू आपल्या गरजेप्रमाणे कडेला उजळतो. दिव्याची खटपट कोणी करू नये.

१ फेब्रुवारी : चित्र निसर्गचित्र म्हणून वाचले तर?

या चित्राच्या एका पूर्वीच्या मालकाचा ते निसर्गचित्र असल्याचा समज झाला होता, कारण कॅनव्हासच्या मागे ‘सेरे’ असे गावाचे नाव लिहिलेले होते. या काळात पिकासो आणि ब्राक बहुधा चित्राच्या दर्शनी बाजूवर सही करत नसत, मागे लिहीत. म्हणजे त्या मालकाजवळ दोनच गोष्टी होत्या : समोर हा पिरॅमिड आणि मागे डोंगराळ गावाचे नाव. ही हकीकत साधारणपणे गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती फार मोलाची वाटते, कारण आपले वाचन खरे आहे की केवळ शीर्षकामुळे तसे दिसते आहे, हे तपासण्याची ही उत्तम संधी आहे.

म्हणून आज शीर्षक बाजूला ठेवले आणि नव्या ट्रेसिंग कागदावर तेच चित्र प्रामाणिकपणे डोंगर म्हणून वाचायला घेतले. सुरुवातीला ते चिंताजनक वाटावे इतके सहज जमत गेले. पिरॅमिड म्हणजे पर्वत. सेरेहून कानिगू शिखर दिसते, तेव्हा पर्वत असण्यात काहीच विशेष नाही. मधले लहान दाट पैलू म्हणजे उतारावरची घरे आणि छपरे. पिकासोने १९०९ साली स्पेनमधील होर्ता गावी डोंगरउतारावरची घरे अशाच एकावर एक रचलेल्या घनांनी रंगवली होती, म्हणजे पूर्वीचा दाखलाही आहे. भात्याच्या घड्या म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची शेते. गटातील दोघांना हे वाचन अधिक सरळ वाटले आणि त्यांनी ते ठामपणे मांडले. त्यांचे म्हणणे कसे खोडावे हे मला बराच वेळ सुचले नाही.

हे वाचन पहिल्यांदा अडले ते खालच्या वळशांपाशी. वळसा एकटा असता तर वाट, ओढा, झाडाचा बुंधा, काहीही म्हणता आले असते. परंतु हे वळसे कातीव लाकडासारखे स्वतःत गुंडाळलेले आहेत आणि ते पिरॅमिडच्या तळाशी, खुर्चीचे हात जिथे असावेत नेमके तिथे येतात. डोंगराच्या पायथ्याशी त्यांना कारण देता येत नाही. दुसऱ्यांदा अडले ते घड्यांपाशी. पायऱ्यांची शेते उतारभर पसरलेली असतील, पण इथल्या घड्या जवळजवळ सारख्या अंतराच्या असून पिरॅमिडच्या मधोमध एका मर्यादित पट्ट्यातच आहेत आणि त्यांच्यालगत कळांचा समूह आहे. शिवाय हे दोन्ही पुरावे एकमेकांना धरून आहेत : वळसे खुर्ची सांगतात, खुर्ची बसलेल्या माणसाची उंची सांगते, आणि त्या उंचीला पोट-छातीच्या जागी घड्या येतात. डोंगराच्या वाचनात प्रत्येक खुणेला वेगळे कारण द्यावे लागते आणि त्या कारणांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. एवढ्यावर दोघांनीही आपले म्हणणे मागे घेतले, मात्र चित्राच्या वरच्या एक-तृतीयांश भागाबद्दल त्यांनी घेतलेला आक्षेप कायम आहे आणि तो योग्य आहे. तो भाग डोंगराचा माथा म्हणूनही तितकाच वाचता येतो. तो डोक्याचा ठरतो तो फक्त खालच्या भागाच्या बळावर.

यामुळे वहीतील नोंदींची पद्धत बदलली. आता प्रत्येक ओळखीपुढे ‘कशाच्या आधारे’ असा रकाना आहे. ज्या भागाचा आधार त्याच्या स्वतःच्या आकारात आहे तो आणि ज्याचा आधार शेजारच्या भागात आहे तो, हे वेगळे लिहिले जाते. आधीच्या नोंदी नव्या रकान्यात भरताना ‘निश्चित’ म्हणून लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी ‘संभाव्य’मध्ये गेल्या. त्यात डावा खांदा, दंड आणि हनुवटी होती.

५ फेब्रुवारी : फिक्सेटिव्ह

कोळसा पुसला जाऊ नये म्हणून रेखाटनावर फवारायचे द्रावण म्हणजे फिक्सेटिव्ह. त्याने एका कागदाचे नुकसान झाले. फिक्सेटिव्हचा फवारा जवळून आणि एकाच वेळी जाड बसल्याने विरवलेल्या छटा ओल्या होऊन गडद झाल्या आणि उघड्या कडा बंद दिसू लागल्या. म्हणजे अकरा जानेवारीचे दुखणे पुन्हा मागे लागले. हातभर अंतरावरून, हलका फवारा, पूर्ण वाळू देऊन पुन्हा हलका, असेच करावे. त्यानंतर खोडरबराने काही ठिकाणचे उजळ भाग परत उचलावे लागतात, हे गृहीत धरून ते आधी थोडे अधिक उजळ ठेवावेत.

९ फेब्रुवारी : अंतिम रेखाटन

नवा कागद घेऊन सुरुवातीपासून काढले. तीन वर्गांसाठी तीन प्रकारचे चारकोल वापरण्याची कल्पना होती, ती सोडली. निश्चित भाग अधिक काळा केला तर चित्राचा उजेड-अंधार बिघडतो आणि पाहणाऱ्याला मूळ चित्राऐवजी आमचे मत दिसते. त्याऐवजी रेखाटन मूळ छटांना धरूनच केले आणि त्यावर वरून उलगडता येईल असा पारदर्शक कागद लावला. वर्गवारी त्या कागदावर आहे : निश्चित भागाभोवती पूर्ण रेष, संभाव्य भागाभोवती तुटक रेष, अनिर्णीत भाग मोकळा. कागद उचलला की चित्र जसे आहे तसे दिसते.

निश्चित वर्गात आले ते असे : पिरॅमिडचा एकंदर बसलेला आकार, मधोमध भात्याच्या घड्या, त्यांच्यालगतच्या कळा, आणि तळाचे खुर्चीचे वळसे. संभाव्य वर्गात डोक्याची जागा, कोपरांची रुंदी, एक खांदा, आणि मांडीची पुढे आलेली पातळी. चेहऱ्याचे तपशील, बोटांची संख्या आणि मागची भिंत कुठे सुरू होते हे सारे अनिर्णीत ठेवले. वादक पुरुष आहे की स्त्री, हेही याच वर्गात लिहिले, कारण चित्रातील एकही खूण तसे सांगत नाही. आरंभी आम्ही सर्वजण ‘तो’ म्हणून बोलत होतो.

अनिर्णीत भागाचा कागदावरील विस्तार बराच मोठा आहे. गटातील काहींना ते काम अपुरे राहिल्यासारखे वाटले. मला तसे वाटत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार यांनी याच प्रकारच्या चित्रांबद्दल लिहिताना रंगवलेली प्रतिमा आणि वास्तव यांच्यातला ताण शेवटपर्यंत शिल्लक राहतो असे म्हटले होते. तो ताण नेमका किती जागेत आहे, हे आता आमच्या कागदावर दाखवता येते.

१६ फेब्रुवारी : गटासमोर

रेखाटन भिंतीवर लावले आणि ज्यांनी या कामात भाग घेतला नव्हता अशांना आधी केवळ मूळ प्रिंट, नंतर रेखाटन, नंतर वरचा पारदर्शक कागद, या क्रमाने दाखवले. पारदर्शक कागद सर्वांत आधी दाखवला तर लोक तोच पाठ करतात आणि चित्राकडे पाहत नाहीत, हे घरच्यांवर केलेल्या चाचणीत आधीच लक्षात आले होते. या क्रमाने पाहिल्यावर मात्र एका निवृत्त शिक्षिकेने मूळ प्रिंटवर बोट ठेवून भात्याच्या घड्या स्वतः दाखवल्या, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ‘मग कोपर इथे असणार’ असे म्हणून जी जागा दाखवली, ती आमच्या तुटक रेषेच्या किंचित वर होती. त्याचे कारण ऐकल्यावर त्याचेच बरोबर वाटले. भाता पूर्ण उघडा नसून अर्धा मिटलेला असेल तर कोपर वर राहते. नोंदवहीत तो पर्याय त्याच दिवशी जोडला.

एकूण खर्च सुमारे २,२०० रुपये झाला. त्यात वाया गेलेला प्रिंट, छायाप्रत आणि फिक्सेटिव्हने बिघडलेला कागद धरले आहेत. सर्वांत महाग वस्तू फिक्सेटिव्हचा डबा होता, ४५० रुपये. त्यानंतर जाड कागद. वेळेच्या दृष्टीने पाहिले तर बाह्यरेषांचा आणि दृश्यांची बेरीज करण्याचा प्रयत्न वगळल्यास हे काम निम्म्या काळात होऊ शकते.

ही पद्धत पिकासोच्या १९२१ च्या ‘तीन संगीतकार’ या चित्राला लावू नये. तिथे पैलू विरत नाहीत. कापून चिकटवल्यासारखे सपाट, बंद, रंगीत आकार आहेत आणि त्यांच्यासाठी कोळशापेक्षा कात्री आणि रंगीत कागद योग्य ठरतील. १९१० ते १९१२ या काळातील वादकांच्या चित्रांना मात्र ती चालावी. पुढचे चित्र म्हणून आम्ही ‘मा जोली’ घेत आहोत. त्याचे मूळ माप १०० × ६४.५ सेंटिमीटर असल्याने ७२ सेंटिमीटर उंचीच्या चौकटीला रुंदी ४६.४ सेंटिमीटर ठेवावी लागेल. त्यातील अक्षरे पहिल्या टप्प्यात कागदाच्या पट्टीने झाकून ठेवणार आहोत आणि वाद्याच्या तारांचा त्रिकोणी आकार ओळखता आल्यानंतरच ती पट्टी काढणार आहोत.